अक्काला दाजी दिसेनात तेव्हा

बसने पारोळा सोडलं आणि दहाएक मिनिटांत वर्षाचा, माझ्या मुलीचा, नाशिकहून फोन आला. "आप्पा, कुठवर पोहोचलात?" तिने विचारलं. मी धुळ्याहून अक्काकडेच निघालो होतो, जळगावला. मांडीवरच्या पिशवीत भरताची वांगी होती. अक्कानेच आणायला सांगितली होती. वर्षाने मग अडखळत सांगितलं, की फुई, म्हणजे तिची आत्या, माझी अक्का, सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसली ती उठलीच नाही... शेजारच्या भाभी चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मला फोन करायचा त्यांना धीर झाला नाही, म्हणून त्यांनी वर्षाला केला. एरंडोल, पाळधी, बांभोरीचा पूल, सगळा नेहमीचाच रस्ता. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "जळगावला का?" मी म्हटलं, "हो, बहिणीकडे." याला आता दीड महिना झाला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जळगावात नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत तिने तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. मी कॉलेजला तिच्याच घरी राहून शिकलो. तिला मूल नव्हतं आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही. दाजी डाळ मिलमध्ये सुपरवायझर होते. संध्याकाळी घरी आले की अंगाला तुरीच्या भुश्शाचा वास यायचा. माणूस मोठा कामाचा, पण कुठे पुढे म्हणून यायचा नाही. कोणाचंही लग्न असो, दाजी वाढायला उभे, आणि जेवायचे ते शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर. फोटो काढायची वेळ आली की नेमके तेव्हाच त्यांना काहीतरी काम आठवायचं. वर्षाच्या लग्नानंतर दोन वर्षांनी एका दुपारी ते मिलमध्येच गेले. नंतर घरात शोधलं तर ओळखपत्रावरचा एक फोटो आणि लग्नातला एक जुनाट, काळवंडलेला फोटो, एवढंच हाती लागलं.

मात्र वर्षाच्या लग्नाची डीव्हीडी होती. शूटिंगवाल्याचं सगळं लक्ष वरपक्षाकडे, पण दाजी कुठे ना कुठे मध्येच सापडून गेले होते. पंगतीत वरणाची बादली घेऊन, मांडवाच्या दाराशी कोणालातरी हात करताना, हळदीच्या वेळी भिंतीला टेकून. दरवेळी कडेलाच. अक्काने मोजून ठेवलं होतं, सात ठिकाणी दिसतात. फोटोत काय, माणूस थांबलेला असतो. यात ते चालतात, वाकतात, घाम पुसतात. रविवारी दुपारी जेवण झालं की ती ती डीव्हीडी लावायची. दुसऱ्या कोणाकडे तिचं लक्षही नसे.

हा प्लेअर मीच आणून दिला होता आणि त्याच्या सगळ्या वायरीही मीच जोडल्या होत्या. मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. घराण्यात रेडिओपासून मिक्सरपर्यंत काहीही बिघडलं की मलाच बोलावणं यायचं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. पुढे अक्काचा जुना डबा टीव्ही गेला आणि वर्षाने तिला मोठा सपाट टीव्ही घेऊन दिला. त्यावर डीव्हीडी लावली तर सगळी माणसं ताणलेली, आडवी पसरलेली. नवरदेव तर दुप्पट जाड. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. मी प्लेअरच्या सेटिंगमध्ये गेलो. पडद्याचा आकार ठरवायचे तीन प्रकार होते. एकात चित्र रुंद व्हायचं, एकात काळ्या पट्ट्या यायच्या, आणि एकात चित्र मोठं दिसायचं पण त्याच्या कडा कापल्या जायच्या. मी ते नीट लावून दिलं. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या, पण माणसं पुन्हा माणसांसारखी दिसू लागली.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी अक्काचा फोन आला. माझ्याशी ती अधूनमधून अहिराणीत बोलायची. "भाऊ, बठ्ठा दिखतस, पन ह्या दिखत नहीत." सगळे दिसतात, हेच दिसत नाहीत... मला वाटलं, तिच्या हातून रिमोटचं बटण दाबलं जाऊन कडा कापणारं सेटिंग लागलं असेल. पुढच्या रविवारी गेलो. सेटिंग जसंच्या तसं होतं. तरी मी ते बदलून पुन्हा लावलं. डिस्क मऊ कापडाने पुसली. पिवळी वायर काढून घट्ट खोचली. दाजी पडद्याच्या डाव्या बाजूला स्वच्छ दिसत होते. मी बोट दाखवलं तेव्हा तिने मान वळवली आणि म्हणाली, "हां, आता आले." मला वाटलं, जमलं.

पण दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग चित्र काळपट दिसतं अशी तक्रार सुरू झाली. मी उजेड वाढवला, रंग वाढवले. तिचं समाधान होईपर्यंत उजेड इतका वाढवला की वर्षाचा लाल शालू गुलाबी दिसू लागला. मला ते बघवेना, पण अक्का म्हणाली, "राहू दे, आता बरं आहे." एकदा तर मी फाजील हुशारीने वायरीचं भलतंच सेटिंग निवडलं आणि पडदा संपूर्ण काळा झाला. आता सेटिंग परत बदलायला पडदाच नाही. अक्का पलंगाच्या कडेला बसली होती. पाच मिनिटांनी तिने हळूच विचारलं, "पुसलं गेलं का रे ते सगळं?" मी पुस्तिका शोधली, डिस्क बाहेर काढून, रिमोटचं एक बटण धरून ठेवून प्लेअर मूळ सेटिंगवर आणला आणि पडदा निळा झाला. डिस्क पुन्हा घातली आणि पंगत दिसू लागली तेव्हा अक्काने हात जोडले. मला की पडद्याला, ते कळलं नाही.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी जायचो, सेटिंग करायचो, जेवायचो, परत यायचो. या काळात तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. ताटाशेजारचा पेला सांडायचा. बाजूने आलेल्या सायकलीला ती दोनदा धडकता धडकता वाचली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी म्हणायचो, "अक्का, वय झालं तुझं." आणि एका रविवारी, वैतागून, मी म्हणून गेलो, "अक्का, मशीनमध्ये काही दोष नाही. दाजी गेल्याचं तू मनाला लावून घेतलंस, म्हणून तुला तसं वाटतं." ती उठली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेली.

दिवाळीला वर्षा आली. तिने फुईबरोबर बसून डीव्हीडी लावली. मांडवाच्या दाराशी दाजी आले तशी वर्षा म्हणाली, "फुई, हे बघ फुवा." अक्का म्हणाली, "कुठे?" वर्षाने बोट दाखवलं. अक्काने पूर्ण मान वळवली तेव्हा तिला ते दिसले. वर्षाने मला चित्र तिथेच थांबवायला सांगितलं. मग तिने अक्काला समोर बसवलं, "माझ्या नाकाकडे बघत राहा" म्हणाली, आणि आपला हात बाजूने हळूहळू पुढे आणत विचारत राहिली, दिसला का, आता दिसला का. हात जवळजवळ चेहऱ्यासमोर आला तेव्हा अक्का "हो" म्हणाली. वर्षाने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात रिमोट होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तपासणी असते. पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, आत ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बाहेरून ऐकत होतो. टिक, टिक... मग बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. मी तिथल्या मुलीला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "नाही काका, ठिपके येतायत. आजींना दिसत नाहीयेत." डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडून नजर खात येतो. गेली ती परत येत नाही, उरली ती सांभाळू. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून त्रास होता?" अक्का माझ्याआधी बोलली, "आत्ताच, दिवाळीपासून." मी तेव्हा गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला आजही बोचतं.

रिक्षातून घरी आलो. वर्षा औषधं आणायला गेली होती. मी म्हणालो, "अक्का, दीड वर्ष मी बटणं दाबत बसलो. एकदा तरी तुला दवाखान्यात न्यायला हवं होतं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला कळत होतं रे थोडं. भिंतीवरचं घड्याळपण अर्धंच दिसायचं. घड्याळात कुठला आला प्लेअर?" मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मशीन बिघडलेलं होतं म्हणून तू येत होतास. नीट झालं असतं तर काय सांगून बोलावलं असतं तुला?" रागावून नाही म्हणाली. शाळेतल्या मुलीला गणित समजावून सांगावं तशी म्हणाली. मी पंचवीस वर्षं लोकांचे टेलिफोन चालू करत फिरलो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला मला बोलावण्यासाठी निमित्त लागत होतं... मला रडू आलं. तिने अंदाजाने हात पुढे केला, तो आधी माझ्या कानाला लागला, मग डोक्यावर आला.

त्यानंतरची सात वर्षं मी दर रविवारी गेलो. मशीन चालू असो की बंद. थेंबांनी तिची नजर काही काळ टिकली, मग तीही अरुंद होत गेली. शेवटची दोन-अडीच वर्षं फक्त उजेड-अंधार कळायचा. डीव्हीडी मात्र लागायची. मी शेजारी बसून सांगायचो, "आता डावीकडून दाजी येतायत, बादली घेऊन." ती म्हणायची, "अजून नाही. आधी कोणीतरी मीठ मागतं, मग येतात." आणि खरंच, आधी मीठ मागितल्याचा आवाज यायचा. वर्षाने ते सगळं मोबाइलमध्ये घालून दिलं होतं, पण अक्काला ते नको असायचं. आपण उठून डिस्क आत घातल्याशिवाय तिला ते बघितल्यासारखं वाटायचं नाही.

आणखी एक गोष्ट तिने केली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांनीही डोळे तपासून घ्या. मी टाळत होतो. वर्ष झालं तसं अक्का एका सकाळी धुळ्याला आमच्या घरी येऊन बसली. भाभींच्या मुलाने तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. माझ्या बायकोने ताट वाढलं, तर तिने ते हाताने बाजूला सारलं. "आधी हा डोळे दाखवून येईल, मग मी जेवेन." दुपारी चार वाजता आम्ही परत आलो तेव्हाही ती तशीच उपाशी बसून होती. माझ्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. सुरुवातच होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. अक्काने हे ऐकलं, एकदा मान हलवली आणि बायकोला म्हणाली, "वाढ आता."

तेव्हापासून मीही थेंब घालतो. थेंब घातल्यावर डोळे मिटून पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. मला ते जमायचं नाही, मी मध्येच उठायचो. बायकोने अक्काकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता अक्काचा फोन येऊ लागला. "घातलं? मीट डोळे. तू बोलू नको, मी बोलते." आणि ती बोलायची. भाभींच्या नातीला दात आला, आज वारा गिरणा नदीकडून आहे, गल्लीत कोणाकडे तरी लसणाची फोडणी जळली. शेवटी शेवटी तर तिला काही दिसत नव्हतं. जे कानांना आणि नाकाला कळायचं, तेच ती मला सांगायची. मग म्हणायची, "झाली पाच मिनिटं. उघड."

आता सात वाजता मी थेंब घालतो, पलंगावर बसतो, डोळे मिटतो. बाहेर दूधवाल्याची गाडी येते, कोणीतरी नळाखाली बादली लावतं. परवा बायकोने खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "अहो, अर्धा तास होत आला. उघडा ना आता." मी उघडले. मी कशाची वाट बघत बसलो होतो, ते तिला सांगितलं नाही.