एस्तेरबाईंचं उजवं पाऊल

“सर, हा पाय परत घ्या,” म्हणत रूथने माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली. पिशवीतून बूट डोकावत होता.

“साडी आहे का परत घ्यायला? मापाने केलेला पाय आहे. दुसऱ्या कोणाला बसणार नाही.”

“आई घालतच नाही, तर घरात ठेवून करू काय?”

रत्नागिरीत कृत्रिम हातपाय बसवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. लोक मला पायवाले डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, प्रॉस्थेटिस्ट आहे. पण हा शब्द कोणाच्याच तोंडात बसत नाही, म्हणून मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

रूथची आई एस्तेरबाई माझी पेशंट. चर्चजवळ राहणारी, कपडे शिवणारी, तोंडाने फटकळ. मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा खाली पडला आणि उजव्या तळव्यात घुसला. डायबेटिस होताच. जखम चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. तो ज्या खोलगट साच्यात बसतो ते सॉकेट. पाय रोज घातला नाही तर स्टंपचा आकार बदलतो, गुडघा आखडतो आणि मग कितीही चांगला पाय बनवा, माणूस चालत नाही. एस्तेरबाईंनी तर पाय दाराआड उभा करून त्यावर जुनी साडी टाकून ठेवली होती. आणखी काही महिने असेच गेले असते, तर बाई कायमच्या खाटेला लागल्या असत्या. मी पिशवी उचलली आणि रूथबरोबर त्यांच्या घरी गेलो.

“पाय का घालत नाही?”

“तो माझा नाय.”

“मग कोणाचा?”

“तुमचा. तुमीच बनवलात. माझा तर अजून जळतोय बगा, हितं.” त्यांनी खाटेवरच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.

याला फँटम पेन म्हणतात. पाय जातो, पण मेंदूत त्याची जागा राहते. बोटं नसतात आणि बोटांची आग होते. औषधं, आरशासमोरचे व्यायाम, सगळं करून झालं होतं.

“देवाला इचारलं, माझ्याच पायावर का उठलास? तो काय बोलत नाय.”

देव हा माझा विषय नव्हे. गुडघ्याचे व्यायाम पुन्हा दाखवले, पिशवी तिथेच ठेवली आणि चरफडत परत आलो.

ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू झाले होते, तेव्हा एस्तेरबाई आपण होऊन माझ्या सेंटरवर आल्या. कुबड्यांवर, घामाघूम. मागे रूथ, हातात तीच पिशवी.

“भाऊ, ह्याला बूट नको. बोटंवालं पाऊल लावा. पाणी लागलं तरी चालायला हवं.”

“पाणी कशाला लागेल?”

मग त्यांनी समजावलं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पकडला जाण्याआधी, शेवटच्या जेवणाच्या वेळी, येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. त्यांच्याकडे उजवा पाय पुढे करायची रीत. यंदा फादरनी बारांमध्ये एस्तेरबाईंना घेतलं होतं.

“फादर बोलले, तुमचा डावा चालेल. मी बोलले, नाय. उजवाच.”

“अहो, पण उजवा...”

“ऐका तरी. पाय गेल्यापासून मी क्रुसाकडं बगत नव्हते. रागच होता माझा. परवा बगितलं. त्याच्या पण पायात खिळा. म्हटलं, ह्याला ठावं हाय कसं दुखतं ते. आणि मेल्यावर तिसऱ्या दिवशी जित्ता उठला, तो काय नवे हातपाय घेऊन नाय उठला. खिळ्यांची भोकं तशीच. मित्रांना बोलला, हात लावून बगा. आणि मी काय करते? साडी टाकून झाकते.”

मी पिशवी घेतली.

नुसतं पाऊल बदलून भागत नाही. बुटाची टाच गेली की उंची बदलते आणि सगळं अलाइनमेंट, म्हणजे पायाचा तोल, नव्याने साधावं लागतं. बोटं कोरलेलं रबरी पाऊल लावलं. आतला बोल्ट गंजू नये म्हणून त्याचं भोक सील केलं. एस्तेरबाई रोज येऊन दोन दांड्यांमध्ये चालायच्या, रडायच्या, मला शिव्या घालायच्या, पण थांबायच्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी मलाही बोलावणं होतं. “पाय निसटला तर?” म्हणून बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं. माझ्या खिशात पाना होता.

फादर तांब्या आणि घमेलं घेऊन एकेकासमोर गुडघे टेकत होते. एस्तेरबाईंसमोर आले. बाईंनी सगळ्यांदेखत साडी वर घेतली आणि उजवा पाय पुढे ठेवला. फादरनी त्यावर पाणी ओतलं. टॉवेलने पुसला, बोटांवरून सावकाश, जसे बाकीच्यांचे पुसले तसाच. मग वाकून त्या रबराचं चुंबन घेतलं.

खरं सांगतो, मी तोवर बोल्टचाच विचार करत होतो.

“गार लागलं,” एस्तेरबाई म्हणाल्या. मग वळून माझ्याकडे बघत, भर चर्चमध्ये, “भाऊ, गार लागलं हो!”

याला शास्त्रात स्पष्टीकरण आहे. डोळ्यांनी पाणी बघितलं, मेंदूने विश्वास ठेवला. मला ते पाठ आहे. पण ते पाऊल मी स्वतः बसवलं होतं, त्यात रबराशिवाय काही नाही हे माझ्याइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. गेलेला पाय जळतो असं सांगणारे मला पुष्कळ भेटले, गार लागलं म्हणणारं त्याआधी कोणी भेटलं नव्हतं. खिशातल्या पान्यावरचा हात मी काढून घेतला.

ईस्टरला बाई काठी घेऊन स्वतःच्या पायांनी चर्चला गेल्या. आग पूर्ण थांबलेली नाही, अधूनमधून होते. मागच्या फॉलोअपला मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “दुखतं ना. पण आता एकटीला नाय दुखत.”

नवा पाय देताना आम्ही पेशंटला सांगतो, रोज ओल्या फडक्याने पुसा. मी हल्ली त्यात एक जोडतो. पहिल्यांदा घरच्या कोणीतरी पुसायचा, पेशंटने नाही. लोक विचारतात, असं का? मी म्हणतो, त्याने बोल्ट गंजत नाही.