खुर्चीवरची पंगत

आमच्याकडच्या लग्नात पंगत अजून जमिनीवरच बसते, पण मांडवाच्या कडेला पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या गुडघे गेलेल्यांसाठी. वडीगोद्रीच्या लग्नात त्यांवर चार म्हाताऱ्या, एक आजोबा आणि मी, असे सहा मान्यवर बसलो होतो. मी सव्वीस वर्षांची, व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू. बाकीच्यांनी साठ वर्षं शेतात राबून जे कमावलं, ते मी पाच हंगामांत मिळवलं होतं.

डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते आणि पाय अजून पूर्ण दुमडत नव्हता. पुण्यातल्या माझ्या संघाच्या लेखी मात्र मी 'जवळजवळ बरी' होते. दर आठवड्याला मी त्यांना बास्केट करतानाचा व्हिडिओ पाठवायचे आणि त्यात कमरेखालचं काही दिसू नये याची काळजी घ्यायचे. नव्या हंगामाचा करार त्याच आठवड्यात व्हायचा होता. आमचे मॅनेजर फार हळवे. कुणाला दुखापत झाली की त्यांचा जीव तुटायचा आणि ते विचारायचे, "टिकेल का?" छताचा पंखा घेतानाही माणूस हेच विचारतो, पण पंख्याला निदान गॅरंटी कार्ड असतं. हा करार गेला तर दुसरा कुठला संघ मला दारात उभं करणार नव्हता.

शेजारच्या खुर्चीत थोरली आत्या होती. रांगेत नवीन माणूस आलं म्हणून ती खुशीत होती.

"तू कोन्तं तेल लावती गं?"

"तेल नाही आत्या, व्यायाम."

तिला माझी दया आली.

पुऱ्या वाढत असतानाच मॅनेजरांचा व्हिडिओ कॉल आला. उचलला नसता तर संशय आला असता.

"गुडघा कसा आहे?"

"एकदम बराबर, सर."

"छान. एकदा पूर्ण खाली बसून उठून दाखव."

"सर, लग्नात आहे. साडी नेसलेय."

"हरकत नाही. दोन सेकंदांचं काम."

"कोन बोलून राह्यलं गं?" आत्यानं विचारलं.

"आमचे साहेब," मी म्हणाले. तिथंच चुकलं. समोर साहेब आहे म्हटल्यावर आमच्याकडची माणसं अर्ज केल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, पोरीला खाली बसता येत न्हाई. बिलकुल न्हाई. माझ्यावाणी खुर्चीच लागती. काल जिना उतरताना रडून राह्यली व्हती. मंग कशाला उड्या मारायला लावता? सुट्टी द्या तिला."

मला तिचा भयंकर राग आला. आणि हेही खरं, की आठ महिन्यांत माझ्या गुडघ्याच्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं. मीसुद्धा बोलले नव्हते.

मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मावशी. तिला म्हणावं, आराम कर. आता काही घाई नाही."

फोन बंद झाला. आत्यानं तो पदराला पुसून मला परत दिला.

"किती चांगला मानूस हाय बघ," ती म्हणाली. "एका शब्दात सुट्टी दिली. किती दिवसांची, तेवढं इचारायचं राह्यलं."