सात पाण्यांचा साळोत्री

कुत्र्याच्या नाकातोंडाला हात लागला की साळोत्रीचाचा सात वेळा हात धूत. पहिल्या पाण्याला मूठभर माती घेत, ती कोपरापर्यंत चोळत, आणि उरलेली सहा पाणी ओठांतल्या ओठांत मोजत. त्यांच्या धर्मात कुत्र्याची लाळ अशुद्ध मानलेली आणि चाचा पाच वेळचे नमाजी. अशा माणसाने कुत्र्यांचे औषधपाणी करावे याचे त्यांच्या लोकांना नवल वाटे, आणि आम्हा कर्जत स्टेशनातल्या मंडळींना त्या धुण्याचे हसू येई. ते विहिरीवर बसले की हमाल लांबून मोठ्याने आकडे म्हणत. चाचा कधी चिडले नाहीत. एकदा मीच विचारले, "एवढा विटाळ आहे तर शिवता कशाला?"

ते म्हणाले, "हाताची घाण जाते, बाबू. पण मुकं जनावर धापा टाकत पडलंय नि मी तोंड फिरवून गेलो, तर ते कशानं धुवायचं?"

मी तेव्हा मालगुदामात कारकून होतो. नवे लग्न, मूलबाळ नाही, आणि घरी बंड्या नावाचा एक तांबूस कुत्रा. तो माझ्या बायकोने, यमुनेने, पिल्लू असताना रुळाजवळून उचलून आणलेला. ती दुपारी त्याच्याशी बोलत बसे. या तिघांच्या संसारात पुढे जे झाले त्यामुळे चाचा माझ्या आयुष्यात आले. नाहीतर हात धुणारा एक म्हातारा एवढीच माझी त्यांची ओळख राहिली असती.

साळोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. चाचांचे वडील समुद्रकाठच्या गावातून खालापुरास आले ते डाकेच्या घोड्यांसाठी. रेल्वे घाटातून वर गेली तशी रस्त्यावरची डाक बसली, घोडे कमी झाले, पण चाचांच्या हातातली विद्या तशीच राहिली. घोड्याचे नाक गळू लागले की त्याची दावण वेगळी, बादली वेगळी, खरारा वेगळा, हे ते लहानपणीच शिकले होते. पुढे त्यांच्या ध्यानात आले की कुत्र्यांचा खोकलाही असाच एका नाकातून दुसऱ्या नाकात जातो. मग घोड्यांचे नियम त्यांनी कुत्र्यांना लावले. त्या मुलखात दुसरे कोणी ते करत नव्हते.

त्यांची फेरी ठरलेली असे. आधी धडधाकट कुत्री बघायची, मग ज्यांच्याविषयी शंका आहे ती, आणि सगळ्यांत शेवटी आजारी. हा क्रम उलटा झालेला मी कधी पाहिला नाही. आजारी कुत्र्याकडे जाताना अंगरखा बाहेरच्या झाडाला टांगून ठेवत. कोणी म्हणाले, चाचा, जाता जाता आमचाही बघा, तर ते हात जोडून म्हणत, "आता नाय. आता माझ्या अंगाला खोकला हाय. उद्या सकाळी पयला तुमच्याकडं येतो."

औषधावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. लोक आजारी कुत्र्याचा जबडा उघडून तेल नाहीतर काढा ओतत, ते त्यांना मुळीच खपत नसे. "खोकणाऱ्याच्या घशात ओतलेलं पोटात जात नाय, छातीत जातं. मग तो आजारानं नाय मरत, तुमच्या हातानं मरतो." कोमट पाण्याने डोळे-नाक पुसणे, कोरड्या पेंढ्यावर निजवणे, नाक चोंदले की उकळत्या पाण्याची वाफ, आणि चाटेल तेवढी तांदळाची पेज, एवढाच त्यांचा उपचार. पेंढा रोज जाळायचा. पुष्कळ कुत्री तरीही मरत. ते चाचा लपवत नसत.

त्या वर्षी थंडीत एका साहेबाची शिकारी कुत्री मुंबईहून घाटावर चालली होती. कर्जतला त्यांच्या पेट्या उतरवल्या, कारण पुढची गाडी दुपारी होती. त्यांतल्या दोघांचे डोळे चिकटलेले, नाकातून पिवळा शेंबूड, आणि हाड अडकल्यासारखा कोरडा खोकला. मला त्यांची दया आली. गुदामाबाहेरच्या दगडी डोणीत मी स्वतः पाणी भरले. साहेबाची कुत्री प्याली आणि गेली. त्यांच्यामागून स्टेशनातली कुत्री त्याच डोणीवर आली. दुसऱ्या दिवशी चाचांना कळले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "पाणी कशात पाजलं?" मग एकट्याने ती जड डोण उलथी केली.

दहाएक दिवसांनी स्टेशनातली कुत्री खोकू लागली. पळसदरीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी, रेल्वे बांधताना खेचरांसाठी घातलेला एक पडका तबेला होता. चाचांनी तो साफ केला, खोकणारी कुत्री तिथे नेली आणि एकेकाला लांब लांब बांधले. मग घरोघर फिरून सांगितले, "कुत्रा शिंकला तरी मला कळवा. दीड महिना माझ्याकडं राहील. जगला तर परत आणून देईन." तबेल्यात गेलेल्या कुत्र्यांतली निम्मी परत येत नाहीत, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झाले होते.

आणि एका सकाळी बंड्या खोकला.

यमुना म्हणाली, "चाचांना सांगू या." मीच नको म्हटले. तिथे मरायला पाठवण्यापेक्षा घरात राहू दे, परसात बांधून ठेवू, कोणाला कळतंय, असे म्हणालो. तिने बंड्याला परसाच्या कोपऱ्यात नेऊन बांधले. आठ दिवस मी चाचांना स्टेशनात पाहिले की दुसऱ्या बाजूला वळत असे.

आमच्याकडे ठाकूर वाडीवरची सोमी लाकडांची मोळी घेऊन येई. तिची वाघी नावाची कुत्री नेहमी तिच्या मागोमाग असे. त्या दिवशी सोमी मोळी टाकून परसात टेकली. वाघीची जीभ बाहेर आलेली. यमुनेने सवयीने समोरच्या थाळीत पाणी घातले. थाळी बंड्याची होती. मी दारात उभा होतो. वाघी थाळीकडे गेली, पाणी लपलप प्याली, कोपऱ्यात बांधलेला बंड्या खोकला, तिने जाऊन त्याचे नाक हुंगले. हे सगळे मी पाहिले. एक शब्द बोललो असतो तर पुरले असते. सोमी उठली, "येते गं बाय," म्हणाली आणि वाघीला घेऊन घाटाकडे गेली. वाडीवर वाघीची दोन महिन्यांची चार पिल्ले होती.

बंड्या वाचला.

महिन्याभराने एका दुपारी चाचा न बोलावता आमच्या परसात आले. बंड्या शेपूट हलवत धावला. त्यांनी त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून नाकावरची जाड झालेली कातडी, त्या खोकल्यातून उठलेल्या कुत्र्याची खूण, पाहिली, पंजे दाबून पाहिले, आणि विचारले, "याला कधी झालं?"

मी म्हणालो, "काय झालं?"

यमुनेनेच सांगितले. वाघीच्या पाण्याचेही तिनेच सांगितले. चाचा विहिरीशी गेले. मी पाणी घालू लागलो. चौथ्या पाण्याला ते थांबले, मोजणी चुकली म्हणाले, आणि पुन्हा मातीपासून सुरुवात केली. हात धुऊन झाल्यावर तिथेच उकिडवे बसून म्हणाले, "सोमीची चारी पिल्लं मेली. वाघीपन गेली. वाडीतली आणखी सहा खोकतात. राखण नाय म्हणून बिबट्या दिवसाढवळ्या येतो. तिच्या पाच शेळ्यांतल्या तीन नेल्या."

मी बादली खाली ठेवली. ते पुढे म्हणाले,

"तेवढंच असतं तर सोमी मोळी कुठं टाकते ते शोधत मी इथं आलो नसतो. सोमीची जाऊ हाय, कमळी. तिचं पोर मागल्या साली गेलं. सोमीच्या दारात पिल्लं खेळतात नि हिच्या दारात कोणी नाय, म्हणून हिनं नजर लावली, असं वाडीत चाललंय. उद्या सकाळी भगत येनार, तांदूळ टाकनार नि नाव काढनार. कोणाचं निघनार ते आजच ठरलंय." ते माझ्याकडे बघत राहिले. "कुत्री मेली ती मेली, बाबू. आता बाई जाईल. मी सांगून उपयोग नाय, मी बघितलं नाय. बघितलंत तुमी."

सकाळी आम्ही निघालो. चढणीवर चाचांना धाप लागत होती. ते थांबत, मी थांबत असे, आणि पुन्हा चालू लागत असू. वाटेत त्यांनी मला काय बोलायचे ते शिकवले नाही. धीरही दिला नाही.

वाडीवर एका खोपटापुढच्या अंगणात सगळे जमले होते. भगतापुढे सुपात तांदूळ. सोमी कपाळाला हात लावून बसलेली. कमळी कुडाच्या भिंतीला टेकून एकटीच होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. तिचे वय पंचवीसही नसेल. ती तांदळांकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मी उभ्यानेच सगळे सांगितले. साहेबाची कुत्री, डोण, बंड्या, थाळी.

भगत म्हणाला, "रेलचा बाबू खोटं बोलतोय. चाचानं पढवून आणलाय."

तेव्हा सोमीने मान वर केली. "खोटं नाय," ती सावकाश म्हणाली. "वाघी प्याली ते मी बघितलं. कोपऱ्यात कुत्रा खोकत व्हता. माझ्या ध्यानातच नाय आलं." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "तुमच्या ध्यानात आलं व्हतं?"

"हो."

"मग तवा का नाय बोललात?"

"आमचं कुत्रं नेतील अशी भीती वाटली."

"आनि माझी?" ती म्हणाली. "माझी कुत्री नव्हती ती?"

सोमी उठली. घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो कमळीच्या हातात दिला आणि त्या मोकळ्या जागेत तिच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने भगताने सूप आवरले.

मी चार दिवसांची रजा काढली आणि वाडीवर राहिलो. सहा कुत्री सहा झाडांखाली बांधली. कोणी कोणाच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, ज्याची थाळी त्याची, असे चाचांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतले. मी लाकडे तोडली, पाणी तापवले, पेंढा जाळला. एका काळ्या कुत्र्याला झटके येऊ लागले. चाचा त्याच्याजवळ दुपारभर बसून राहिले, तो गेल्यावर उठले. सहांपैकी तीन वाचली. कमळीने त्यांतल्या एकाला हाताने पेज चाटवून जगवले. त्याला धनी असा कोणी नव्हता. नंतर तिचेच झाले.

पुढे काही वर्षांनी मुंबईत शिकलेला एक तरुण गुरांचा डॉक्टर तालुक्यात आला. त्याने चाचांना मोठ्या आदराने विचारले, "आपण या रोगावर कोणते औषध वापरता?" चाचा म्हणाले, "सापडलं तर मला आधी सांगा, साहेब. तोवर मी लांब बांधतो." तो डॉक्टर हसला नाही. त्याने वही काढली आणि तबेला कसा लावता, कोणाला आधी बघता, ते सगळे उतरवून घेतले. चाचा त्या दिवशी खुशीत होते. त्यांना कोणी असे काही विचारले नव्हते.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही, आणि तेच मला जड जाई. सोमीने मात्र आमच्याकडे मोळी आणणे बंद केले. कर्जतच्या बाजारात ती समोरून आली तर माझ्याकडे न बघता निघून जाई. नऊ वर्षे ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिने बोलावे असे मला कुठल्या तोंडाने वाटणार होते?

चाचा वारले तेव्हा माझी बदली शेलूच्या पुढे झाली होती. निरोप मिळाला तसा निघालो आणि खालापुरापर्यंतची शेवटची वाट पायी गेलो. मयत कबरस्तानात पोचली होती. पुरुषमंडळी आत होती. मी दाराशी थबकलो. कडेला आंब्याखाली दोन बायका बसल्या होत्या, पायांवर सगळ्या वाटेची धूळ. सोमी आणि कमळी. कमळीच्या मांडीवर एक लहानगी झोपलेली होती.

कमळीने मला ओळखले. "तुमीच ना ते बाबू, वाडीवर येऊन बोललेले?"

"मी आपणहून नव्हतो आलो," मी म्हणालो. "चाचांनी आणलं म्हणून आलो."

"आणलं त्येंनी," ती म्हणाली. "पन तोंड तर तुमचंच व्हतं."

सोमी कबरस्तानाच्या भिंतीकडे बघत होती. तशीच बघत तिने जावेला म्हटले, "बस म्हन गं त्यांना. उन्हातनं चालत आलेत."

मी त्यांच्यापासून थोडा अलीकडे, सावलीच्या काठाला बसलो. आतून माती ओढल्याचे आवाज येत होते. माणसे बाहेर येईपर्यंत आम्ही तिथे बसून होतो.