मी दिसते का?

उलव्याला तळमजल्याचं घर घेतलं, तेव्हा फाटकाशी ठेवायला शोभेचं गवत आणायचं म्हणून मी गव्हाणच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. मला पांढऱ्या तुऱ्यांचं, चांगलं पुरुषभर उंच गवत हवं होतं.

तिथे पन्नाशीची एक बाई होती, खांद्यावर ऑफिसची पर्स. ती एकेका कुंडीमागे जाऊन उकिडवी बसायची आणि नर्सरीवाल्याला विचारायची, "मी दिसते का?" तो "नाय" म्हणाला की उठायची, गुडघे झटकायची आणि दुसरं गवत बघायची. नातवंडांची लपाछपी असेल, असं वाटून मला हसू आलं.

शेवटी तिने केसांसारखं बारीक, बुटकं गवत निवडलं.

"गुडघ्याच्या वर जात नाय ते," नर्सरीवाला म्हणाला.

"नक्की ना?" तिने पुन्हा विचारलं.

मग मी निवडलेल्या उंच गवताच्या कुंडीकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या दाराशी असंच होतं. त्यात माणूस बसला होता. मी कुलूप उघडेपर्यंत मला दिसलाच नाही."

बोलताना तिची मान सारखी मागे वळत होती.

संध्याकाळी कुंडी फाटकाशी ठेवली आणि मीही तिच्यामागे उकिडवी बसले. नवरा मला शोधत बाहेर आला. त्याने दोन हाका मारल्या, इकडेतिकडे पाहिलं, फाटकाला कडी घातली आणि आत गेला. कडी घालताना त्याचा पाय माझ्यापासून हातभर अंतरावर होता.