पहिला वाडगा

आमच्या आत्याने आयुष्यात एकाही पदार्थाला नाव ठेवलं नाही. हा तिचा गुण आहे असं घरात सगळे म्हणत आणि बरीच वर्षं मलाही तसंच वाटत होतं. नवरा गेल्यावर शिलाईचं मशीन आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन ती माझ्या वडिलांकडे, म्हणजे भावाकडे आली आणि मागच्या खोलीत कायमची राहिली. तिला कुणी कधी टाकून बोललं नाही. पण दुसऱ्याच्या घरचं खायचं तर समोर येईल ते मुकाट्याने खायचं आणि वर छान म्हणायचं, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. एकदा आईने गडबडीत सूपमध्ये मिठाऐवजी साखर घातली. वडिलांनी पहिला चमचा तोंडात घालून आईकडे रोखून बघितलं, तोवर आत्याची वाटी रिकामी झाली होती. जरा वेगळं लागलं वहिनी, पण छान, असं म्हणून ती वाटी विसळायला उठलीसुद्धा. आम्ही हसून हसून लोळलो आणि ती मात्र आमच्याकडे बघतच राहिली.

कपडे दुरुस्त करणं हा तिचा धंदा. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, काज-बटण करायचं, उसवलेली अस्तरं टाचायची. तिचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट होती. मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. गिऱ्हाईक बसलं की आत्याला उठता येत नसे आणि आत्या उठली की गिऱ्हाइकाला रस्त्यावर जावं लागे. समोर, रस्ता ओलांडला की, सुशी आणि रामेनचं, म्हणजे शेवया घातलेल्या सूपचं, एक लहानसं जपानी हॉटेल होतं. दारावर निळा पडदा, आत एक लांब लाकडी कट्टा, कट्ट्यापुढे उंच स्टुलं आणि पलीकडे मालक. मालक जपानी नव्हता. तरुणपणी एका म्हाताऱ्या जपानी उस्तादाच्या हाताखाली भांडी घासता घासता तो सगळं शिकला होता. हाडं उकळून केलेलं त्याचं सूप असं असायचं की सर्दीने बेजार झालेला माणूसही वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत जायचा. मी तेव्हा तिथे आत्याबरोबर अधूनमधून जायची. ती काकडीचा रोल घ्यायची, मी मासा घ्यायची आणि रामेन दोघींचं वेगवेगळं, कारण सूप वाटून घेण्याइतकं माझं मन मोठं नाही.

मग मालकाला ताप आला. हॉटेल बरेच दिवस बंद राहिलं. पुन्हा उघडायच्या आदल्या दिवशी तो रस्ता ओलांडून आत्याच्या दुकानात आला, स्टुलावर न बसता दारातच उभा राहिला आणि म्हणाला की उद्यापासून रोज संध्याकाळी पडदा लावून हॉटेल उघडलं की पहिला वाडगा तुमचा. आत्याने कारण विचारलं नाही. तिला जन्मात कुणी पहिलं काही दिलं नव्हतं. माहेरी ती सगळ्यांत धाकटी, सासरी सगळ्यांत शेवटची आणि आमच्याकडे तर वाढून झाल्यावर ताट घेणारी.

त्यानंतर ती संध्याकाळी दुकान लवकर आवरायला लागली. केसांना जरा जास्त तेल, अंगावर तो ठेवणीतला राखी स्वेटर. आईच्या नजरेतून काही सुटत नाही. वन्सं, रामेन फार मानवतंय म्हणायचं तुम्हाला, असं ती एकदा म्हणाली, तर आत्या लाजली. खरंच लाजली. पन्नाशी उलटलेली, चष्म्याला दोरी बांधलेली बाई कानापर्यंत लाल होताना बघून मला हसू आलं आणि मग बरं वाटलं. मालकही एकटाच होता. आम्ही मायलेकींनी मनातल्या मनात बरंच काही जुळवून टाकलं.

पण आत्या घरी आली की पाणी प्यायची. तांबेच्या तांबे रिकामे करायची. आईला मधुमेहाची शंका आली म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. साखर ठीक निघाली, रक्तदाब वाढलेला निघाला. मीठ कमी करा, डॉक्टर म्हणाले. आईने आमच्या सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ कमी केलं आणि वडील महिनाभर धुसफुसत राहिले. आत्याचा रक्तदाब काही खाली येईना.

कारण मला कळलं ते मी खूप दिवसांनी तिच्याबरोबर तिथे गेले तेव्हा. पहिला घोट घेतला आणि माझी जीभ आकसली. नुसतं मीठ होतं ते. सुशीच्या भातात व्हिनेगर एवढं की डोळ्यांत पाणी यावं. मी तोंड उघडणार तोच आत्याने कट्ट्याखाली माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डाग आठवडाभर राहिला. ‘‘संपव,’’ ती पुटपुटली. स्वतः तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, शेवटचा थेंब प्यायला आणि खाली ठेवला. मालक पलीकडून तिच्याकडे बघत होता. तिच्याकडे म्हणजे तिच्या वाडग्याकडे, पण हे मला तेव्हा कळलं नाही. तो वळला आणि मोठ्या पातेल्यातून बाकीच्या वाडग्यांत सूप ओतायला लागला. बाकीचे म्हणजे तेव्हा फार कुणी नव्हतेच.

एक बस ड्रायव्हर होता, जुनं गिऱ्हाईक. तो तोंडाचा सरळ. त्याने दोन घास खाल्ले आणि वाढणाऱ्या बाईला मोठ्याने सांगितलं की सूप खारट आहे, तुमच्या मालकाला सांगा. मालक हात पुसत बाहेर आला. भांडला नाही. त्याने फक्त आत्याच्या पुढ्यातल्या वाडग्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, या ताईंचा वाडगा बघा. सगळ्यांनी बघितलं. आत्याने मान खाली घातली, वाडगा उचलून ड्रायव्हरच्या बाजूला किंचित कलता केला आणि हसली. ड्रायव्हरने तोंड पुसलं आणि निघून गेला, तो पुन्हा त्या पडद्यातून आत आला नाही. घरी जाताना मी आत्याला म्हटलं की बाई, तू खोटं का बोललीस. ती म्हणाली की मी कुठे काय बोलले. आणि पुढे म्हणाली, एवढं काही खारट नव्हतं. कोपऱ्यावरच्या नळावर थांबून तिने ओंजळीने पाणी प्यायलं.

लोक तक्रार करत नाहीत, यायचे बंद होतात. आधी शनिवारची गर्दी गेली, मग कारखान्यातून सुटणारी माणसं समोरच्या गल्लीतल्या बर्गरवाल्याकडे वळली. वाढणाऱ्या बाईला मालकाने निरोप दिला. कट्ट्यावरची मागची स्टुलं उलटी घालून ठेवलेली दिसायला लागली. आत्या रोज जात होती. तिच्यापुढे रोज पहिला वाडगा येत होता आणि पुष्कळदा तोच शेवटचाही असायचा.

मग एके दिवशी मी कामावरून सुटून तिला न्यायला दुकानात आले होते. मी स्टुलावर, ती मशीनवर. मालक निळा पडदा हातात घेऊन आला. धुऊन, घडी घालून. त्याने तो इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला की याची कड तुम्हीच घातली होती, आता तुमच्याकडेच राहू द्या. गाळा मोबाइलवाला घेतोय, उद्या चावी द्यायची आहे.

आत्याचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला.

मग तो बोलायला लागला. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्या तापात त्याची चव गेली होती. वासही. आज येईल, उद्या येईल म्हणत त्याने वाट बघितली, ती आलीच नाही. उस्तादाकडे नियम होता की एका पातेल्याला एकच जीभ. ज्याने पातेलं लावलं त्यानेच चाखायचं, दुसऱ्याने चमचा घातला की सूप दोघांचं होतं आणि कुणाचंच राहत नाही. त्यामुळे वाढणाऱ्या बाईलाही त्याने कधी चाखू दिलं नाही. आणि मोजून घालायची सोय नव्हती, कारण हाडांचं पाणी रोज वेगळं आटतं. उस्ताद आणखी एक सांगायचा, की गिऱ्हाइकाचं तोंड ऐकू नकोस, वाडगा बघ. सूप उरलं तर चुकलं, संपलं तर जमलं.

‘‘म्हणून तुमचा वाडगा बघून मी पातेलं लावत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘अळणी होईल या भीतीने मीठ वाढत गेलं असेल तर कळावं म्हणून. तुमचा वाडगा रोज चाटून पुसून रिकामा. मग माणसं का तुटतायत, तेच मला उमगेना.’’

आत्याने विचारलं, मीच का. तिचा आवाज बारीक झाला होता. मला तेव्हाच त्याला गप्प करावंसं वाटत होतं.

‘‘ओळखीचं माणूस मन राखायला खातं, ताई. तुमचं माझं काहीच नव्हतं. म्हटलं, या कशाला माझ्यासाठी खारट पितील?’’

तो हे चांगल्या मनाने बोलला. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. मला वाटलं ही आता नेहमीसारखी काहीतरी छान म्हणेल आणि हे प्रकरण इथेच पुरलं जाईल. पण ती म्हणाली, ‘‘खारट होतं.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

मग पीत का होतात, असं त्याने विचारलं, आणि आत्या म्हणाली, ‘‘तुम्ही माझ्यासाठी काढून ठेवायचात ना.’’

मी रस्त्याकडे बघत बसले. मालक ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो ओरडला नाही. त्याने पडदा टेबलावरून उचलला, काखेत घातला आणि म्हणाला की आजचं पातेलं अजून चुलीवर आहे. तुम्ही चाखा, खरं सांगा. जमलं तर मी उद्या चावी देत नाही. उस्तादाचा नियम गेला चुलीत, रोज तुम्हीच चाखा.

आत्या इतकी झटकन उठली की मला स्टुलासकट बाहेर पडावं लागलं.

आत सगळी स्टुलं उलटी होती. त्याने दोन सरळ केली. पातेल्यातून चमचाभर सूप तिला दिलं. खारट, ती म्हणाली. त्याने बाजूच्या भांड्यातलं हाडांचं बिनमिठाचं पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा चमचा. अजून खारट. पुन्हा ओतलं. आत्याचा आवाज दर चमच्याला मोठा होत होता. आपल्या आत्याला असं कुणाला तरी अजून, अजून, थांबा, जरा जास्त झालं, असं सांगताना मी पहिल्यांदा ऐकत होते. शेवटी तिने चमचा खाली ठेवला आणि मान हलवली. मीही चाखलं. तेच होतं, पूर्वीचं. मला खरोखर आनंद झाला आणि मी तो दाखवलासुद्धा.

मालकाने मन लावून वाडगा भरला. शेवया, अर्धं अंडं, वर कांद्याची पात. तो तिच्यापुढे ठेवून तो पलीकडे गेला आणि हात पुसत उभा राहिला.

आत्याने वाडगा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिने त्या रिकाम्या कट्ट्याकडे बघितलं, उलट्या घातलेल्या स्टुलांकडे बघितलं. हे सगळं आपल्या एका सवयीने ओस पडलं आणि ज्यासाठी पडलं ते मुळात नव्हतंच, हे तिला आता, या स्टुलावर, गरम वाडग्यापुढे कळत होतं. तिने पुन्हा उचलला. एक घोट घेतला. तिचे डोळे भरून आले, खांदे हलायला लागले. पाणी गालावरून सूपमध्ये पडत होतं. ती पीत नव्हती. शेवया फुगायला लागल्या.

मालक वाडग्याकडे बघत होता.

‘‘छान झालंय,’’ आत्या म्हणाली. आमच्या घरी म्हणायची तसंच, अगदी त्याच आवाजात.

मी घाईने म्हटलं की खरंच जमलंय, मी चाखलंय ना, अगदी पहिल्यासारखं आहे. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. तुम्हीही त्यांच्याच घरातल्या, एवढंच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने पातेल्याचे दोन्ही कान धरले, मोरीशी नेलं आणि कलतं केलं. वाफ छतापर्यंत गेली. मी ओतू नका म्हणत उठले, तोवर तळ दिसायला लागला होता.

सूप वाहून जाण्याचा आवाज थांबल्यावर आत्याने वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला. निवलं होतं. शेवया, अंडं, पात, सगळं खाल्लं तिने, शेवटच्या थेंबापर्यंत सूप प्यायलं आणि वाडगा त्याला दिसेल असा कट्ट्यावर पुढे सरकवला.

त्याने तो उचलला आणि आत न बघता नळाखाली धरला.