चाळीचा शास्त्रज्ञ, बी.ए. (भूगोल)

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आणि अंबरनाथ पश्चिमेतला एकमेव खोटा शास्त्रज्ञ.

दोष भूगोलाचा! बी.ए.ला तो विषय घेतला आणि त्याला प्रॅक्टिकल निघालं. मी वहीत पर्जन्यमापक काढताना बाबांनी पाहिलं (बाबा कंपनीत हेल्पर, शिक्षण सहावी) आणि साऱ्या चाळीत सांगून आले, "पोरगा सायन्सला आहे!" त्यांचा चेहरा इतका फुललेला, की खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

तिसऱ्याच दिवशी शेजारच्या मंदाकाकू बंद मिक्सर घेऊन हजर. "सायन्सवाला ना तू? बघ जरा." मी मिक्सरकडे बघितलं. मिक्सरनेही माझ्याकडे बघितलं. शेवटी तो पिशवीत घालून गुपचूप उल्हासनगर कॅम्प १ गाठलं. तिथल्या सिंधी दुकानदाराने दहा मिनिटांत चालू केला. मग काय! इस्त्र्या, पंखे, एकदा तर अख्खा कूलर! "साईं, घर में कितने मिक्सर हैं?" दुकानदार विचारायचा. अशी वीस वर्षं गेली.

यंदा ताईची मुलगी प्रेरणा दहावीला ब्याण्णव टक्के घेऊन म्हणाली, "मला आर्ट्सला जायचंय. इतिहास." अकरावीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि बाबा अडून बसलेले.

"मामाकडे बघ! सायन्स केलं म्हणून ऑफिसात बसलाय!"

प्रेरणाने माझ्याकडे बघितलं. (तिला सगळं ठाऊक. कॅम्प १ला कूलरचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.)

"बाबा," मी घाम पुसला, "मी बी.ए. आहे."

"माहितीये. सर्टिफिकेट लॅमिनेट कोणी करून आणलं? 'कला' वाचता येतं मला."

"मग पोरीला का अडवताय?"

"वीस वर्षं लपवलंस तू! म्हटलं, बी.ए.त नक्की लाजण्यासारखं काहीतरी असणार, म्हणून मीही सायन्सच म्हणत राहिलो. नातीला कशाला त्यात ढकलू?"

"लाज कसली, बाबा? त्याच बी.ए.वर नोकरी लागली मला."

"मग बोलायचं होतंस की, गाढवा! प्रेरणा, भर फॉर्म."

फॉर्म गेला, तोच दारात मंदाकाकू. हातात मिक्सर! मी सवयीने पिशवी शोधायला उठलो. प्रेरणाने मात्र, कॅम्प १च्या दुकानदाराला बघून शिकल्यासारखं, स्क्रू काढून आत डोकावलं. "मामा, कार्बन ब्रश झिजलाय. नवा टाकला की चालेल."

"सायन्स घेतलंस वाटतं?" काकूंनी विचारलं.

"नाही, इतिहास."

"असू दे, तूच कर. मामा नुसता कॅम्प १ला नेऊन आणतो."

मी गार! "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

काकूंनी उलट्या मिक्सरचं बूड माझ्यापुढे केलं. त्यावर कॅम्प १च्या दुकानदाराचे स्टिकर एकावर एक चिकटलेले. साऱ्या चाळीने ते केव्हाच वाचले होते. वीस वर्षांत वस्तू उलटी करून बघायचं फक्त शास्त्रज्ञालाच सुचलं नव्हतं!