मागच्या चाकाचा आवाज

मेकॅनिकने गाडी जॅकवर उचलली, मागचं डावं चाक हाताने फिरवलं आणि मला चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं टेकवायला सांगितली. आत काहीतरी खरखरत होतं.

"गिअरबॉक्स ठीक आहे, चाकाचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "मागे बसणाऱ्याला केव्हाच ऐकू आलं असेल."

मागे बाबा बसतात. महिनाभर ते सांगत होते, "अरे, खालून कुंईऽ असा आवाज येतोय." आणि दर वेळी मी मागे वळूनही न बघता, "बाबा, तुमचं कानाचं यंत्र वाजतंय," म्हणून मोकळा व्हायचो. पुढे पुढे त्यांनी ते यंत्र लावणंच सोडून दिलं. मला वाटलं, कंटाळले असतील. एखाद्याला स्वतःच्याच कानांवर अविश्वास ठेवायला लावणं किती सोपं असतं! मला तर ते ऑफिसच्या घाईत, सहज बोलता बोलता जमलं होतं.

घरी आल्यावर त्यांच्या खुर्चीशेजारी बसलो. "बाबा, आवाज गाडीचाच होता. तुमचं बरोबर होतं."

"काय?" त्यांनी कान पुढे केला.

मग माझी चूक मला पुन्हा एकदा, साऱ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावी लागली.